बेल्जियमला गेलेलं देवाचं बिल

बिल गेलं हे कसं ओळखायचं, ते काकूंनी मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं. प्रिंट काढायची, खाली कोपऱ्यात कंपनीचा गोल शिक्का मारायचा, शिक्क्यावरून सही घ्यायची, मग स्कॅन, मग मेल. शिक्का पुसट उठला तर कागद फाडायचा आणि नवीन काढायचा. इथं दुबईत शिक्क्याशिवाय वॉचमनसुद्धा कागद हातात घेत नाही. त्यामुळे मला काही अवघड वाटायचं नाही. शिक्का दिसतोय ना? मग बिल गेलं.

म्हणून ताईंनी जेव्हा सांगितलं की नव्या वर्षापासून बेल्जियमच्या बिलांना प्रिंट नाही, शिक्का नाही, सही नाही आणि मेलसुद्धा नाही, तेव्हा मी विचारलं, "मग तिकडचा धंदा बंद करायचा का आपण?"

"नो, दीदी!" ताई हसल्या. "बिल आहे. इट्स जस्ट डेटा नाऊ."

ताई म्हणजे काकूंची मुलगी. माझ्याहून वयानं बरीच लहान, पण मालकीणबाईंची मुलगी म्हणून मी तिला ताई म्हणते आणि मी मोठी म्हणून ती मला दीदी म्हणते. इथल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेत शिकली, पुढे लंडनला जाऊन आली. आपण मराठीत विचारायचं, तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असं आमचं चालतं. बहुतेक वेळा मला कळतं. त्या दिवशी शब्द सगळे कळले, पण बिल कुठं आहे ते कळलं नाही.

आमची कंपनी म्हणजे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातली एक शेड. खाली हळद, तिखट, गूळ, मसाले यांचं पॅकिंग आणि वर लोखंडी जिना चढून गेलं की ऑफिस. काका खरेदीसाठी निम्मं वर्ष सांगलीत असतात, इथलं सगळं काकू बघतात. मीसुद्धा त्याच बाजूची. नववीत असताना आई अंथरुणाला खिळली, धाकट्यांचं करायला घरी कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. ती परत धरावी असं कुणी म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या मागं इथं आले. तो एसीचं काम करतो. त्याच्या पगारावर त्याला बायकोचा व्हिसा काढता येत नाही, असा इथला नियम आहे. काकूंनी मला पॅकिंगला घेतलं आणि कंपनीचा व्हिसा दिला, म्हणून आम्ही दोघं एका ठिकाणी राहतो. इंटरनॅशनल सिटीत, एका फ्लॅटच्या हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेल्या खोलीत. पण एका ठिकाणी.

पुढे बिलांचा माणूस नोकरी सोडून गेला. त्या आठवड्यात काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझं अक्षर बरं आहे. वर ये जरा." त्या दिवसापासून मी वर आहे. कॉम्प्युटर मला त्यांनी स्वतः शेजारी बसून शिकवला. त्यांनाही फारसा येत नव्हता. दोघी मिळून शिकलो म्हणा.

माझा व्हिसा फेब्रुवारीअखेर संपत होता. नवा करायचा का, हे मी डिसेंबरात भीत भीत विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "लेट्स सी आफ्टर जॅन्युअरी, दीदी. न्यू सिस्टीम कशी जाते बघू." त्या सहज म्हणाल्या असतील. मी मात्र त्याचा अर्थ असा लावला की बेल्जियमची बिलं मला नव्या पद्धतीनं जमली तर मी राहणार आणि नाही जमली तर परत गावाला. नवरा इथं, मी तिथं. ताईंना हेच म्हणायचं होतं का, ते मी विचारलं नाही. विचारलं आणि हो म्हणाल्या तर काय करायचं?

बेल्जियमला आमची एक शाखा आहे. शाखा म्हणजे अँटवर्पमध्ये एक छोटं गोडाऊन आणि ते सांभाळणारा एक पंजाबी माणूस. माल तिथून दुकानदारांना जातो, बिलं मात्र मी इथून काढते. ताईंनी मला पांढऱ्या बोर्डावर चित्र काढून समजावलं. एक चौकोन आपला, एक चौकोन गिऱ्हाइकाचा, मध्ये ढगासारखं काहीतरी. तिथं आता एका धंद्यानं दुसऱ्या धंद्याला बिल द्यायचं तर ते सरकारनं ठरवलेल्या साच्यातच भरायचं, आणि या ढगातूनच जाऊ द्यायचं. ते थेट समोरच्याच्या हिशेबात जाऊन बसतं. पीडीएफ जोडून मेल केली तर ते बिल मानतच नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एकदा गेलेलं बिल मागं घेता येत नाही, पुसता येत नाही. चुकलं तर उलटं बिल काढायचं, क्रेडिट नोट.

"समजलं?" ताईंनी विचारलं.

"समजलं," मी म्हटलं. "पण मी बघू काय? बिल झालं की समोर काय दिसणार मला?"

"ग्रीन टिक."

"आणि शिक्का?"

ताईंनी कपाळाला हात लावला. पण हसून.

नव्या वर्षाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ताई अबू धाबीला एका गिऱ्हाइकाकडे गेल्या होत्या. काकूंचा गुडघा दुखत होता, त्या घरी होत्या. ऑफिसात मी एकटी. नवीन सिस्टीम उघडली. वरच्या कोपऱ्यात तिनं आपण होऊनच नंबर घातला होता, एक.

आता हे सांगायला पाहिजे. आमच्याकडे वर्षाचं पहिलं बिल देवाचं असतं. काकांनी ही पद्धत सांगलीच्या मार्केट यार्डातून आणली, तिथं ते पाडव्याला करायचे, इथं नंबर जानेवारीत नव्यानं सुरू होतात म्हणून जानेवारीत. गणपतीच्या नावानं बिल फाडायचं: गूळ एक खडा, खोबरं एक वाटी, एक दिरहॅम फक्त. त्यावर शिक्का, सही, हळदकुंकू. मग ते ऑफिसातल्या गणपतीच्या फोटोखाली वर्षभर ठेवायचं. काकू स्वतःच्या पर्समधून दिरहॅम काढून गल्ल्यात टाकतात, म्हणजे ऑडिटवाल्यांनाही तक्रार नाही. माणसांची बिलं दोनपासून. बेल्जियमचं बिलबुक वेगळं, पण तिथंही इतकी वर्षं एक नंबर देवाचाच होता, फक्त दिरहॅमऐवजी युरो. ते बिल कुणाला पाठवायचा प्रश्नच यायचा नाही. प्रिंट काढली की फोटोखाली.

मी नेहमीसारखं नाव घातलं. श्री गणपती. पुढच्या रकान्यात गिऱ्हाइकाचा तिकडचा नोंदणी नंबर मागत होतं. मी रिकामा सोडला. लाल झालं. शून्य घातलं. परत लाल. मग मी काकूंना फोन लावला.

"काय म्हणतंय ते?" काकूंनी विचारलं.

"रिसीव्हर नॉट फाउंड. म्हणजे घेणारा सापडत नाही."

मग काकू म्हणाल्या, "गणपती सापडत नाही म्हणतंय?"

"बेल्जियममध्ये नोंदलेला नाही म्हणतंय, काकू."

"कसा असेल! त्याला कुणी सांगितलंय का, नोंदव म्हणून?" त्या चिडल्या की हसल्या, कळलं नाही. "बरं, मग दोनपासून चालू कर. एक त्याचा, रिकामा राहू दे."

"तसंही करून बघितलं. एक सोडू देत नाही."

मग काकूंनी विचार केला. विचार करताना त्या जीभ टाळ्याला लावून टक् असा आवाज काढतात, तो दोनदा आला. "तिकडचं आपलं पहिलं गिऱ्हाईक कोण?"

"त्या मॅडम. गूळवाल्या."

या बेल्जियमच्या बाई. इथं खाण्याच्या वस्तूंचं प्रदर्शन भरतं, त्यात आमच्या स्टॉलवर आल्या होत्या, गुळाचा खडा तोंडात टाकून तिथंच उभ्या राहिल्या. त्यांच्या ऑर्डरवर अँटवर्पचं गोडाऊन सुरू झालं.

"घाल त्यांच्या नावावर," काकू म्हणाल्या. "त्यांच्या पायगुणानं तिकडं उभं राहिलो आपण. गिऱ्हाईक देवच असतं, तुझे काका सारखं म्हणतात ना?"

"त्यांना चालेल का पण?"

"एका युरोचं न चालायला काय झालं? किती होतात गं?"

"सव्वाचार दिरहॅमच्या आसपास."

"म्हणजे शंभर रुपये. शंभर रुपयांत वर्षाची सुरुवात चांगली होत असेल तर कोण नाही म्हणेल? घाल."

मी घातलं. नंबर हिरवा झाला. मग खाली टॅक्स विचारला.

"देवालासुद्धा व्हॅट?"

"खायच्या वस्तूला तिथं सहा टक्के आहे, काकू. ते टाकल्याशिवाय पुढं जात नाही."

"टाक मग. देव कुणाचं ठेवून घेत नाही."

वस्तूच्या रकान्यात मी इंग्लिशमध्ये लिहिलं, जॅगरी अँड कोकोनट, फॉर गॉड. फॉर गॉड का लिहिलं, ते मला आजही सांगता येणार नाही. बाईंना वाचून बरं वाटेल, असं काहीतरी डोक्यात असावं. मग सेंड दाबलं. हिरवी टिक आली. सवयीनं मी प्रिंटरकडे बघितलं. तो गप्प होता. मग मीच स्क्रीनची प्रिंट काढली, तिला शिक्का मारला, हळदकुंकू लावलं आणि फोटोखाली ठेवली. तेव्हा कुठं मला बिल गेल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी मी जिना चढून वर आले तर ताई माझ्या खुर्चीत बसल्या होत्या.

"दीदी," त्या म्हणाल्या, "हू इज गॉड?"

मला वाटलं, काहीतरी गंमत चाललीय. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. गूळवाल्या मॅडमचा हिशेब बघणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं: आमच्या हिशेबात तुमचं एक नंबरचं बिल येऊन बसलं आहे. याची ऑर्डर आम्ही दिलेली नाही. माल आलेला नाही. कृपया खुलासा करावा.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडच्या बाई सावकाश इंग्लिश बोलत होत्या, त्यामुळे मला बरंच कळलं. ताईंनी सांगितलं की ही आमची एक कस्टम आहे, म्हणजे रीत, वर्षाचं पहिलं बिल वगैरे. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, कस्टम छान आहे. पण तुम्ही न पाठवलेल्या वस्तूचं बिल मला पाठवलंय, त्यावर टॅक्स लावलाय, आणि ते माझ्याकडे आपोआप नोंदलं गेलंय. पूर्वी मी असा कागद बाजूला ठेवला असता. आता माझ्यासमोर दोन बटणं आहेत, स्वीकारा किंवा नाकारा. तिसरं नाही. मी नाकारते, तुम्ही क्रेडिट नोट काढा, संपलं.

"ऑफ कोर्स," ताई म्हणाल्या. "टुडे इटसेल्फ."

फोन ठेवला तोवर काकू जिन्यावर होत्या. एकेक पायरी, कठड्याला धरून. त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं होतं.

"क्रेडिट नोट कशाची?"

"मम्मा, तुझ्या गणपतीच्या बिलाची."

"नाही काढायची."

"मम्मा! इट्स वन युरो!"

"युरोचं कोण बोलतंय? वर्षाचं पहिलं बिल उलटं फिरवायचं? तेही देवाचं? तुझ्या पप्पांना कळलं तर ते तिकडून विमानात बसायचे नाहीत."

"आणि त्यांनी रिजेक्ट केलं तर? नंबर वन इन्व्हॉइस, रिजेक्टेड. दॅट इज लकी?"

काकू माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या आणि गुडघा चोळायला लागल्या. मग म्हणाल्या, "तिला काही बोलू नकोस. मीच घाल म्हटलं होतं तिला."

"आय नो, मम्मा. दॅट्स नॉट द पॉइंट." ताई माझ्याकडे वळल्या. "दीदी, सॉरी, तुमच्यावर नाही हे. पण म्हणूनच मी एजन्सी म्हणत होते. तिथलेच लोक. दे नो द रूल्स."

एजन्सी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. अँटवर्पमध्ये एक एजन्सी आहे, ती दुसऱ्यांची बिलं काढून देते, हे मला नंतर कळलं. माझी चूक नाही, असं दोघी म्हणत होत्या. मग पॉइंट काय होता? चूक नसताना काम जाणार, की चूक असती तर काम राहिलं असतं? मला काही अर्थ लागेना. काकूंनी माझी बाजू घेतली म्हणून मला रडू येत होतं. आणि काकूंचं ऐकलं म्हणूनच हे झालं, असं मनात येत होतं, म्हणून स्वतःची लाज वाटत होती. ज्यांनी आम्हाला दोघांना एका छताखाली ठेवलं, त्यांना मी मनातल्या मनात दोष देते?

ताईंनी बाईंना कळवलं की आठवड्याअखेर काय ते करू.

संध्याकाळी नवऱ्यानं मला घराजवळच्या ड्रॅगन मार्ट बाजाराच्या पार्किंगमध्ये बोलावलं होतं, त्याला कसलीतरी क्लिप घ्यायची होती. आम्ही गाडीला टेकून शावर्मा खात होतो. कारपूलची गाडी, आणखी दोघं जण यायचे होते. मी त्याला सगळं सांगितलं.

"थांब, थांब," तो म्हणाला. "त्या बाईची तक्रार काय आहे? एका वाक्यात सांग."

"बिल आलं पण गूळ आला नाही."

"मग गूळ पाठवा की."

"काहीतरीच काय अहो!"

"काहीतरी कसं? आम्ही काय करतो? जॉब कार्डावर आधी फिल्टर बदलला म्हणून लिहितो. कस्टमर म्हणाला, कुठं बदललाय, तर शिडी लावून वर चढतो आणि बदलून येतो. कार्ड खरं. खलास."

"हे तुमचं एसीचं काम नाही. तिथं सरकार बघतंय."

"बघू दे की. गूळ आलेला दिसेल त्यांना." त्यानं कागदाचा बोळा केला. "तुम्हा लोकांना सोप्पं काही सांगितलं की राग येतो बघ."

मला खरंच राग आला होता. एवढं मोठं संकट आणि हा माणूस शावर्मा खाता खाता सोडवतो? म्हणजे ते सुटलेलं नसणार, माझ्या काहीतरी लक्षात येत नसणार. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी ते ताईंना सांगितलंच नाही. काकूंना चहा देताना सांगितलं, तेही नवरा असं म्हणत होता म्हणून, हसण्यावारी.

काकूंनी कप खाली ठेवला. आणि जिन्यावरून हाक मारली ती अशी की खाली पॅकिंगच्या मुलींनी वर बघितलं. "अगं ए! गूळ पाठव त्या बाईला!"

ताई धावत आल्या. काकूंनी त्यांना हे असं सांगितलं, जणू पहाटे गणपतीनंच येऊन सांगितलं असावं. ताई म्हणाल्या, "दॅट्स... ॲक्च्युअली फाइन, आय थिंक."

फोन परत स्पीकरवर. हिशेबाच्या बाई म्हणाल्या, बिल आधी आणि माल नंतर, हे चालतं. माल कधीच नाही, हे चालत नाही. मात्र मला ऑर्डर लागेल, आणि ऑर्डर द्यायची की नाही ते आमच्या मॅडम ठरवतील. मग त्या गूळवाल्या मॅडम स्वतः फोनवर आल्या. ताईंनी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. त्या इतक्या हसल्या की ताईंना फोन लांब धरावा लागला. ऑर्डर देते म्हणाल्या. मग विचारलं, नारळ सोललेला येणार का?

आता अँटवर्पच्या गोडाऊनमध्ये गूळ होता, नारळ नव्हता. तिथल्या पंजाबी भावाला मी फोन केला.

"भाभीजी, नारियल किधर से लाऊँ? इधर बर्फ गिर रही है!"

"भैया, कहीं से भी लाओ."

"एक नारियल?"

"एक."

"भाभीजी, आप ठीक तो हो ना?"

त्यानं कुठल्यातरी दुकानातून आणला. तो नारळ एकटाच बिलापेक्षा महाग पडला. गाडी काढून तो बाईंच्या ऑफिसात गेला, डिलिव्हरी नोटवर सही घेतली आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्याशेजारी गुळाचा खडा आणि शेंडी असलेला नारळ. मागं खिडकीत पांढरं पांढरं. मी तो फोटो काकूंना दाखवला. काकूंनी चष्मा लावून बघितला आणि फोनला हात जोडले. नारळाला जोडले की बेल्जियमला, कोण जाणे.

शुक्रवारी सकाळी बिलासमोर शब्द आला, ॲक्सेप्टेड. मी ताईंना हाक मारली. ताईंनी बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "गुड," म्हणाल्या. नंतर हिशेबाच्या बाईंची दोन ओळींची मेल आली: देवासाठी म्हणजे नक्की कोणासाठी, ते आम्हाला समजलं नाही, त्यामुळे गूळ आम्ही कॉफीबरोबर खाल्ला. नारळ फोडता आला नाही.

काकू म्हणाल्या, नैवेद्य पोचला.

मला वाटलं, झालं. संकट टळलं. पण त्यानंतरच्या आठवड्यात ताईंनी एजन्सीशी करार केला. त्यांनी तो लपवला नाही, माझ्यासमोरच फोनवर बोलत होत्या, फेब्रुवारीपासून सगळी बेल्जियन बिलं तुम्ही काढा. मी ऐकत होते आणि शिक्क्याचं पॅड घट्ट बंद करत होते. उघडत होते आणि बंद करत होते. बिल ॲक्सेप्ट झालं, तरी काम गेलं. मग मी जमवलं की नाही जमवलं? जमवलं म्हणावं तर गूळ नवऱ्यानं सुचवला, नारळ भैयांनी आणला, ऑर्डर मॅडमनी दिली. माझ्या हातून झालं ते एवढंच, की चुकीचं बिल गेलं.

घरी नवऱ्याला म्हटलं, "माझी बॅग कुठंय? मोठी?"

"कशाला?"

"बघून ठेवते."

पार्टिशनच्या पलीकडं कुणीतरी कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या होत राहिल्या. मग तो म्हणाला, "मी शारजात दुसरी नोकरी बघतोय. पगार जास्त आहे. मिळाली तर मीच काढीन तुझा व्हिसा. इन्शाल्ला." हे तो मला किती दिवसांपासून सांगणार होता, मी विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी काकूंनी मला आत बोलावलं. ताईही होत्या. मी दारातच उभी राहिले.

"ये ना आत. उभी काय राहिलीस परक्यासारखी?" काकू म्हणाल्या. "उद्या मेडिकलला जायचंय तुला. व्हिसाच्या अर्जाचं टायपिंग झालंय."

मी ताईंकडे बघितलं.

"येस, दीदी. टू इयर्स."

"पण बिलं तर ते काढणार."

"ते बिल काढणार," ताई म्हणाल्या. "पण माल गेला की नाही, कुणाला गेला, त्यांनी घेतला की परत पाठवला, हे त्यांना कोण सांगणार? रोज सकाळी भैयाला फोन, मग एजन्सीला. तुम्ही ओके म्हटल्याशिवाय दे वोन्ट सेंड एनिथिंग. तिसरं बटण नाहीये ना, दीदी. सो बटण दाबायच्या आधी कुणीतरी पाहिजे."

"आणि इथंसुद्धा येणार आहे म्हणे हे सगळं," काकू म्हणाल्या. "आपल्या यूएईतसुद्धा. मग बघू तेव्हा काय ते."

मग बघू, असंच ताई डिसेंबरात म्हणाल्या होत्या. पण मी हो म्हणाले. थँक्यू म्हणायचं होतं, ते इंग्लिशमध्ये हलकं वाटलं आणि मराठीत आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. म्हणून मी वाकून काकूंच्या पाया पडले. "अगं अगं, गुडघा!" त्या ओरडल्या, माझं डोकं नेमकं तिथंच लागलं होतं.

खाली आल्यावर मी नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. मग विचारलं, "हे वर चढवलं का खाली उतरवलं, अहो?"

"कुणाला?"

"मला!"

"तू इथंच राहणार ना?"

"हो."

"मग मला कशाला विचारतेस?" त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मागं ड्रिलचा आवाज चालू होता. "ठेवतो. शिडीवर आहे."

मेडिकल सेंटरवर बायकांची रांग वेगळी होती. काउंटरवरचा माणूस हिंदीत बोलत होता. त्यानं माझा जुना व्हिसा बघितला. त्यावर अजूनही पॅकिंग वर्कर असंच होतं, इतकी वर्षं वर बसून बिलं काढली तरी ते कुणी बदललं नव्हतं, आणि ते बदलायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

"काम वही है?" त्यानं विचारलं.

मी विचार केला. भैयाला फोन करणं, एजन्सीला सांगणं, माल गेला की नाही ते बघणं. याला काय म्हणतात? मागं रांग होती.

"वही," मी म्हटलं.

आत रक्त घ्यायला नर्सनं दंडाला पट्टा बांधला आणि मूठ आवळायला सांगितलं. मी आवळली. सुई आत गेली, बाहेर आली, तिनं कापूस लावला आणि पुढच्या बाईला हाक मारली. मूठ कधी सोडायची ते तिनं सांगितलं नव्हतं. म्हणून बाहेर खुर्चीवर येऊन बसले तरी माझी मूठ तशीच होती.